विलायतेला निघालेली मोसंबी

माणसाचं कुळ, शील आणि लायकी त्याच्या नखांत दिसते, असं मानणारा एकच गृहस्थ माझ्या पाहण्यात आला, आणि ते माझ्या ताईचे सासरे. राहात्याजवळ कालव्याच्या पाण्यावर त्यांचा मोसंबीचा मळा होता. नखासारखा फळाचा दुसरा वैरी नाही, ही त्यांची जन्माची समजूत. ताईला पाहायला ते केडगावला आमच्या घरी आले, तेव्हा पत्रिका विचारली नाही की स्वयंपाक विचारला नाही. तिला दोन्ही हात पुढे करायला सांगितले, उजेडाशी नेऊन नखं निरखली आणि म्हणाले, "पसंत हाय. फळाला हात लावू द्याया हरकत न्हाई." आमच्या वडिलांना लग्न ठरलं हे समजायला थोडा वेळ लागला. मग पाहुणे माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमची तेवढी कापा." मी तेव्हा नगरच्या एका शाळेत नुकताच शिक्षक झालो होतो आणि गावात मला कोणी असं बोलत नसे. मी मुकाट्यानं कापली.

सगळे त्यांना आबा म्हणत. मळ्याच्या फाटकाला त्यांनी नखं कापायची नराणी दोरीनं बांधून ठेवली होती. मामलेदार एकदा मळा पाहायला आले, तर आबांनी आधी नमस्कार केला आणि मग नराणी पुढं केली. मामलेदारांनी फाटकाबाहेर उभं राहून दहाही बोटं कापून घेतली, असं गावात पुढं कित्येक दिवस सांगत. फळ तोडलं की ते कानाशी धरून आबा बोटानं टिचकी मारत आणि डोळे मिटून ऐकत. आवाज पसंत पडला तर मान हलवून फळ उजवीकडच्या गवतावर, नाही तर "ह्ये आजारी हाय" म्हणून डावीकडे. त्या वेळी कोणी शिंकलं तरी ते पुन्हा पहिल्यापासून ऐकत. गंमत वाटे खरी, पण त्यांनी उजवीकडे ठेवलेलं फळ महिनाभरात नासलं असं कधी कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

लढाई संपून दोन वर्षं झाली होती. मुंबईच्या एका फळांच्या व्यापाऱ्याचं आबांना पत्र आलं. आता विलायतेला जाणाऱ्या काही बोटींत बर्फासारख्या थंड कोठ्या असतात, त्यांत फळ तीन आठवडे ताजं राहतं. तुमची चाळीस पेट्या मोसंबी नमुन्याला पाठवून पाहू, तिकडे पसंत पडली तर दर हंगामाला इथला माल जाईल. पत्र मीच वाचून दाखवलं. आबांनी ते माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं आणि पाचव्यांदा फक्त 'थंड कोठी' एवढाच भाग. त्या दिवसापासून त्या कोठीनं त्यांना झपाटलं. एका डब्यात सहा फळं घालून त्यांनी तो डबा विहिरीत पाण्यालगत सोडला आणि एकवीस दिवस रोज सकाळी काठावर पालथं पडून त्याची चौकशी केली. नगरहून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी आगगाडीनं मागवली. ती मळ्यात पोचेपर्यंत पेढ्याएवढी उरली होती. तेवढी त्यांनी मुठीत दाबून धरली, हात निळा पडेपर्यंत. मी विचारलं, "आबा, हे कशाला?" ते म्हणाले, "लेकरं जिथं धाडायची, तिथलं हवापानी बघाया नगं?"

फळं गुंडाळायला पातळ कागद लागे. त्यावर छापील अक्षर चालत नसे, कारण शाई सालीला लागते. कोरा कागद आणून ताईनं आणि तिच्या सासूबाईंनी तो निखारे घातलेल्या तांब्यानं इस्त्री केला. नाताळच्या सुट्टीत मीही गेलो होतो. चाळीस पेट्या भरून झाल्या. एकेक फळ आबांच्या कानाखालून गेलेलं. गाड्या चितळी स्टेशनावर न्यायच्या होत्या आणि नेमका त्याच दिवशी आबांना ताप भरला. ते म्हणाले, "मास्तर, तुमी जावा संगं. तुमचे हात खडू धरनारे, मऊ हायत." आयुष्यात मला मिळालेलं ते सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक होतं आणि मी ते दुपारपर्यंतच सांभाळलं.

वाटेत मला हुक्की आली. पुढच्या गाडीच्या गाडीवानाला मी म्हटलं, "कासरा माझ्याकडे दे." तो नको नको म्हणत होता. ओढा उतरताना चाक दगडावर चढलं, गाडी कलली आणि दोन पेट्या खाली पडून फुटल्या. मोसंब्या खडकावरून घरंगळत पाण्यापर्यंत गेल्या. गाडीवान खाली उतरून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर. ह्या दोन मागं ठिवू. आबांना सांगू, आडतीस गेल्या. आबा काय बोलायचे न्हाईत."

त्याचं बरोबर होतं. आबा काहीच बोलले नसते. पण ताईच्या सासरी माझं हसं होईल, मास्तरला बैल हाकता येत नाहीत असं म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी ती फळं धोतरानं पुसली, पुन्हा कागदात गुंडाळली. खरचटलेली सगळी त्याच दोन पेट्यांत राहिली तर कळेल, म्हणून दुसऱ्या सहा पेट्या उघडून त्यांतली चांगली काढून त्यांच्या जागी चार-चार, पाच-पाच घातली, फुटलेल्या दोन्ही सांधल्या आणि दगडानं खिळे ठोकले. गाडीवान बाजूला बसून बघत होता. मी म्हटलं, "हे कुणाला बोलू नकोस." तो "न्हाई बोलत" म्हणाला आणि खरोखरच कधी बोलला नाही.

पुढचं पत्रही मीच वाचलं. बोट वेळेवर पोचली, कोठी चांगली चालली, पण काही पेट्यांत बुरशी निघाली आणि ती आजूबाजूच्या पेट्यांनाही लागली. थंडीत कूज थांबत नाही, सावकाश चालते, असं व्यापाऱ्यानं समजावून लिहिलं होतं. या भागाचा माल पुन्हा घेता येणार नाही, हेही लिहिलं होतं. वाचताना मी तीन ठिकाणी अडखळलो. आबांना वाटलं, मला त्यांचं वाईट वाटतंय. ते म्हणाले, "मास्तर, पानी प्या." मग बराच वेळ उजव्या हाताच्या बोटाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "कान गेला माजा. म्हातारपन दुसरं काय."

त्यानंतर त्यांनी फळ कानाला लावलं नाही. निवडायचं काम थोरल्या मुलाकडं दिलं. तोड चालू असली की ते मळ्याकडं पाठ करून पारावर जाऊन बसत. गावातली माणसं "आबा, बोट कुठवर आली?" असं विचारत आणि तेही सगळ्यांबरोबर हसत.

दीड वर्ष मी ते पाहिलं. शेवटी ताईच्या मुलाच्या बारशाला गेलो तेव्हा आबांना गोठ्यामागं नेलं आणि ओढा, कासरा, सहा पेट्या, सगळं सांगून टाकलं. सांगताना मी त्यांच्या पायांकडं बघत होतो. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर, तुमी लई थोर मानूस हाय. म्हाताऱ्याचं मन राखाया स्वतावर आळ घेतला."

मी म्हटलं, "आबा, खरं सांगतोय. गाडीवानाला विचारा."

"त्यो तर कवाच कारखान्याकडं गेला ऊस तोडाया. आन असता तरी तुमी शिकवलं तेच बोलला असता," ते हसून म्हणाले. "पुरं आता. माजं मला ठावं हाय."

मी शपथा घेतल्या. जितक्या घेतल्या तितके त्यांचे डोळे भरून आले. पंगतीत त्यांनी मला शेजारी बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ताईला म्हणाले, "सूनबाई, तुजा भाऊ सोनं हाय सोनं. वाढ त्याला." ताईनं तूप वाढलं. मी मान खाली घालून जेवलो.

आबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आपल्या भावानं सासऱ्यांसाठी केवढं खोटं अंगावर घेतलं, ही आबांकडून ऐकलेली गोष्ट ताई आता नातवंडांना सांगते. मी तिथं असलो तर मुलं माझ्याकडं वळून विचारतात, "खरं का हो, आजोबा?" मी सुरुवातीला एक-दोनदा नाही म्हणून पाहिलं. तेव्हा ताई कौतुकानं हसली आणि म्हणाली, "बघा, अजून कबूल करत नाही."