दोन निशाणांचं जहाज

लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. बायकांनी कौतुक केलं. मला मात्र संताप आला. माझं नाव आजोबांनी ठेवलेलं, आणि ते काही फाटलं-तुटलं नव्हतं. मी मनाशी ठरवलं, या नव्या नावाला ओ द्यायची नाही.

सासर इस्लामपूरजवळ. घरचे सगळे पुरुष पलटणीत, एकटा माझा नवरा आरमारात. सासूबाई हाका मारून घसा कोरडा करायच्या आणि मी गुऱ्हाळावर खुशाल चिपाडं गोळा करत असायची. "सून भैरी हाय का काय?" असं गावभर झालं.

रजा संपत आली तसा नवरा समजूत घालायला बसला. महायुद्धात त्याला शिकायला विलायतेला पाठवलं होतं. तिथल्या बंदरात त्यानं एक जुनं लाकडी जहाज पाहिलं होतं. ते मूळचं फ्रेंचांचं. शंभरावर वर्षांपूर्वी इंग्रजांनी लढाईत ते धरलं, त्याला नवं नाव दिलं, आणि पुढं ते इंग्रजांसाठी लढलंही. आता म्हातारपणी त्यावर पोरं खलाशाचं काम शिकत होती.

"नाव बदललं म्हणून काय बिघडलं का त्याचं?"

"आवं, त्ये लढाईत धरून आणलं व्हतं. मला धरून आणलंय व्हय?"

तो पेटी भरायला उठला. पलीकडे भाकरी थापणाऱ्या सासूबाईंनी हे ऐकलं.

दोनेक वर्षांनी तो रजेवर आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. दुरुस्ती झेपेना म्हणून इंग्रजांनी ते जहाज भर समुद्रात नेऊन बुडवलं होतं. बुडवताना त्यावर त्यांनी स्वतःचं आणि फ्रेंचांचं, अशी दोन्ही निशाणं शेजारी शेजारी लावली होती. मला रडूच आलं. कधी न पाहिलेल्या लाकडासाठी!

"म्हंजी पयलं निशाण बुडताना परत दिलं व्हय त्याला?" सासूबाईंनी विचारलं.

"व्हय."

त्यांनी पिठाचे हात झटकले. मग त्यांनी मला हाक मारली, आजोबांनी ठेवलेल्या नावानं. मी लगेच ओ दिली. चुलीपाशी गेले आणि हिय्या करून त्यांचं माहेरचं नाव विचारलं.

त्यांनी ते हळूच सांगितलं. नवरा आईकडे बघतच राहिला. त्यानंही ते पहिल्यांदाच ऐकलं होतं.