वाचून दाखवला

पालमला कचेरीबाहेर जमिनीचे दस्त लिहून देणाऱ्यांची चार टेबलं आहेत. त्यातलं लिंबाखालचं सत्यशीलाबाईंचं. हक्कसोड करायला आलेली बहीण त्यांना लांबूनच ओळखू येते. अंगावर नवी साडी, तिच्या घडीच्या रेघाही अजून मोडलेल्या नसतात, आणि पुढं ताठ मानेनं चालणारा भाऊ. बापाच्या रानातला हिस्सा बहिणीनं सोडायचा, त्या दिवशी भावानं तिला साडी नेसवायची, हॉटेलात जेवू घालायचं, ही आपल्याकडची रीत. कायद्यानं लेकीला हिस्सा दिला आणि रीतीनं तो एका साडीत माघारी घेतला, घ्या!

दस्ताच्या शेवटी एक ओळ असते, ‘वाचून दाखवला, समजला, राजीखुशीनं सही केली.’ लिहितात सगळे, वाचतो कोण? सत्यशीलाबाईही आधी वाचत नसत. एकदा दगडाबाई नावाच्या म्हातारीनं अंगठा उठवला आणि शाई पदराला पुसत विचारलं, “बाई, कशाचा कागद होता ह्यो?” त्या दिवशी बाईंनी डबा तसाच घरी नेला. तेव्हापासून वाचल्याशिवाय अंगठा नाही. गिऱ्हाईक शेजारच्या नागेशकडं गेलं तर गेलं. नवऱ्यामागं याच टेबलावर घर चालवणाऱ्या बाईला हे परवडत नव्हतंच, पण हट्ट म्हणजे हट्ट.

परवा बन्सीधर आला. अर्ध्या गावाचे कागद बाईंकडं आणणारा मातब्बर माणूस. मागं नव्या साडीत थोरली बहीण कडूबाई, रोज दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी. बापाच्या सहा एकरांतले तिचे तीन सोडायचे होते.

“ताई, वाचायचं ऱ्हाऊ द्या. अक्काला बस गाठायचीय.”

“दोन मिन्टं लागतेत,” म्हणत बाईंनी सुरुवात केली. कचेरीच्या भाषेत नव्हे, घरच्या. “कडूबाई, ह्या कागदानं तुमी तीन एकर कायमचे सोडायलाव. पुन्हा तुमाला मागता येणार न्हाई, तुमच्या लेकरांना बी न्हाई.”

बन्सीधर तडकला. “वाचा खुशाल! उद्यापासून आमच्या गावचा एक कागद ह्या टेबलावर आला तर नाव सांगणार न्हाई!”

तरी बाईंनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

कडूबाईनं कागदावर बोट ठेवलं. “बाई, माहेर तुटू नये म्हणून सोडायले मी. ते कुठं लिव्हलंय?”

“न्हाई लिव्हलेलं.”

“मंग लिवा की. दर दिवाळीला न्यायला यायचं. पडले-झडले तर दोन घास घालायचे.”

बाईंनी पेन उचलला. “लिहू का, दादा?”

“काय येडेपणा लावलाय!” बन्सीधर ओरडला. “माहेर काय कागदावर लिव्हायची गोष्ट हाय व्हय?”

“आस्सं!” कडूबाई म्हणाली. “माहेर तोंडी आन् रान कागदावर? हे कसं रं, बन्सी?”

त्यानं कागद हिसकला आणि तरातरा नागेशच्या टेबलाकडं गेला. तिथून त्यानं बहिणीला एक हाक मारली, मग दुसरी. नागेशनं शाईचा पॅडही उघडून ठेवला. कडूबाई बाकावरून हलली नाही. तिनं निऱ्या नीट केल्या.

“साडी न्हाई देत माघारी, भावानं दिलीय,” ती सत्यशीलाबाईंना म्हणाली. “आन् रान बी न्हाई देत. बापानं दिलंय.”