सुनेला उठवायची चिठ्ठी

ती कवळ्या करते. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली आहे; तिच्यात एक खिडकी, एक बेसिन, एक स्पिरिटचा दिवा आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर बोळक्या तोंडांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले असतात, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीने नाव. साच्यावर मेणाची हिरडी चढवायची, तीत एकेक दात बसवायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून ते घासून-पुसून चकचकीत करायचं, हे तिचं काम. पुढच्या खोलीत डॉक्टर पेशंटला सांगतात, "मी तुम्हाला झकास दात करून देतो." त्यातला 'मी' म्हणजे ही. गेली बावीस वर्षं.

त्यातली शेवटची नऊ तिने झोपेवाचून काढली. अगदी झोपेवाचून म्हणणं बरोबर नाही, आणि निद्रानाशवाले तासांच्या बाबतीत फार काटेकोर असतात. रात्रीचे चार, फार तर साडेचार तास, तेही चिंध्या जोडल्यासारखे. उरलेला वेळ ती पलंगावर पडून असे. कुणी सांगितलं म्हणून शंभरपासून उलटे आकडे म्हणून झाले. मग पाढे. एकोणतीसचा पाढा तिला शाळेत कधी आला नव्हता, तो या काळात पक्का झाला.

गोळ्याही झाल्या. आधी अर्धी, मग अख्खी, मग दुसऱ्या रंगाची. गोळी घेतली की ती तितकीच जागी राहायची, फक्त सकाळी डोकं ओल्या पोत्यासारखं जड व्हायचं. म्हणजे रात्र होती तशीच राहिली आणि दिवसही हातचा गेला.

घरच्यांनी आपल्या परीने उपाय केला होता. त्यांनी आवाज बंद केला. भिंतीवरचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून माळ्यावर गेलं. दारांच्या बिजागऱ्यांना दर रविवारी तेल पडू लागलं. सासूबाईंनी रेडिओ सोडला आणि उशीत तोंड खुपसून शिंकायची कला साधली. नवरा घोरतो म्हणून स्वतःहून बाहेरच्या सोफ्यावर गेला आणि घरात कुजबुजत बोलू लागला. नऊ वर्षांत ती कुजबुज त्याच्या अंगातच भिनली. तो जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत आहे. मृत्यूच्या खिडकीवर त्याचा तो हळवा आवाज लोकांना इतका भावला, की साहेबांनी त्याला तिथून हलवलंच नाही.

इतकं सगळं फक्त आपल्यासाठी चाललंय, हे तिला पलंगावर पडल्यापडल्या ऐकू यायचं. घरातली चार माणसं... चार नव्हेत, तीनच, पण शांतता चौघांची होती. अशा उपकारात कुणाला झोप लागणार?

मग ती सुळ्यांची भानगड झाली. एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या कवळीत तिने डावा सुळा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला. मेणावरच्या चाचणीत मुख्याध्यापक आरशात बघून हसले आणि डॉक्टर दचकले. मुख्याध्यापकांचं काही म्हणणं नव्हतं. उलट, शाळेत असताना हा चेहरा मिळाला असता तर बरं झालं असतं, असं त्यांचं मत पडलं. पण पंधरवड्यात ही तिसरी चूक होती, आणि आदल्याच दिवशी दिव्यावर तिचं बोट भाजलं होतं.

"ताई, रागावू नका," डॉक्टर म्हणाले. "सध्या तुम्ही प्लास्टर ओता. दात बसवायचं काम मी बाहेर पाठवतो. झोप सुधारली की तुमचा दिवा तुम्हाला परत."

ती रागावली नाही. त्यांचं खरं होतं, हाच तर त्रास. पण फळीवर आणखी एक साचा होता, आणि त्याच्या बुडाशी तिच्याच अक्षरात 'आई' लिहिलं होतं. सासूबाईंचे उरलेले तीन दात त्याच महिन्यात काढले होते.

"यांचाही बाहेर पाठवू?" डॉक्टरांनी विचारलं.

सासूबाईंनी घरी या प्रश्नाचं उत्तर दिलं. "बावीस वर्षं गावाच्या तोंडात तुझे दात, आणि माझ्या तोंडात परक्याचे? मी आहे अशीच बरी."

"आई, हिरड्या आकसतात. तीन महिन्यांनी तो साचा फुकट जाईल."

"मग तीन महिन्यांत झोप."

असं म्हणून त्या मऊ भात चेपू लागल्या. समोर ताटलीत गाजराच्या चकत्या होत्या, त्यांच्याकडे त्या बघतसुद्धा नव्हत्या. ते न बघणं सुनेला फार लागलं.

झोपेच्या डॉक्टरीणबाईंकडे तिघंही गेली. बाई तरुण होत्या आणि प्रश्न विचारून खरोखर उत्तराची वाट बघत होत्या.

"झोप किती लागते?"

"चार-साडेचार तास."

"आणि पलंगावर किती वेळ असता?"

"साडेनऊ तास."

"मधले पाच तास तिथे काय करता?"

"वाट बघते."

"हं. म्हणजे तुमचा पलंग आता स्टँडवरचा बाक झालाय," बाई म्हणाल्या. "आपण तो परत पलंग करू."

उपाय उफराटा होता. गोळ्या बाईंच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या. रात्री एकच्या आधी पलंगाला हात लावायचा नाही. सकाळी सहाला, झोप लागो न लागो, उठायचं. दिवसा डुलकी नाही. रोजची झोप वहीत लिहून ठेवायची. पडल्यावर झोप येत नसेल तर उठून खुर्चीत बसायचं. सुरुवातीचे आठवडे जड जातील, तेव्हा विस्तव आणि धारदार हत्यारं लांब ठेवायची. जमलं तर दर आठवड्याला पाव तास वाढवून मिळेल.

"आणि संध्याकाळी हमखास डोळा लागेल," बाई म्हणाल्या. "तेव्हा उठवायला कुणीतरी खमकं माणूस लागेल. घरात कोण आहे?"

नवऱ्याने काहीतरी कुजबुजायला तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाईंनी हात वर केला.

"मला लेखी द्या," त्या म्हणाल्या. "सासूने सुनेला उठवायचं म्हणजे कागद हवा."

बाईंनी हसत लिहून दिलं: 'रात्री एकच्या आधी पेशंटचा डोळा लागल्यास सासूबाईंनी उठवावे. सकाळी सहाला न चुकता उठवावे.' खाली सही, शिक्का. सासूबाईंनी ती चिठ्ठी चष्म्याच्या घरात ठेवली.

पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या संध्याकाळी सासूबाई खाली फिरायला गेल्या होत्या आणि ती मटार सोलता सोलता टेबलावर डोकं टेकून झोपली. साडेसात वाजले होते. नवरा कामावरून आला आणि त्याने नऊ वर्षांत न पाहिलेलं दृश्य पाहिलं: बायको झोपलेली, तोंड किंचित उघडं, गालाला मटाराचा दाणा चिकटलेला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने बूट हातात घेतले, पंखा हळू केला आणि खुर्ची न सरकवता उभ्यानेच तिच्याकडे बघत राहिला. सासूबाई वर आल्या तेव्हा त्याने ओठांवर बोट ठेवलं. दीड तास झाला होता.

त्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. अख्खा आठवडा पाण्यात गेला.

"मला उठववलं नाही गं तिला," तो म्हणाला.

"तुझं प्रेम जरा आवर," सासूबाई म्हणाल्या. "चिठ्ठीत प्रेम लिहिलेलं नाही."

तिथून पुढे सूत्रं त्यांनी हातात घेतली. माळ्यावरचं घड्याळ खाली उतरलं. रेडिओ आला, तोही कानाशी नव्हे तर शेजाऱ्यांनाही बातम्या कळाव्यात इतका. संध्याकाळी पत्त्यांचा डाव बसू लागला. सासूबाई राजरोस पत्ते लपवायच्या आणि पकडल्या गेल्या की म्हणायच्या, "बघितलंस ना? म्हणजे जागी आहेस." सुनेची मान कलली की ताटलीवर चमचा वाजायचा. बिजागऱ्यांचं तेल बंद झालं. नऊ वर्षं दबून राहिलेली दारं कशी करकरतात, हे त्या घरातले लोक विसरूनच गेले होते. नवरा एकदा पत्त्यांत जिंकला आणि चक्क ओरडला. स्वतःच्याच आवाजाने तो इतका दचकला, की पत्ते खाली पडले आणि त्यात सासूबाईंनी दोन बदलून घेतले.

नणंद नेमकी अशाच एका संध्याकाळी आली. दारातून तिला दिसलं ते असं: वहिनी खुर्चीत पेंगते आहे आणि आई तिच्या कानाशी ताट बडवते आहे.

"आई, तुला शोभतं का हे? दिवसभर राबून येते ती. लोक काय म्हणतील?"

"म्हणतात ना. खालच्या मजल्यावरच्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय," सासूबाई समाधानाने म्हणाल्या. चष्म्याचं घर उघडून त्यांनी चिठ्ठी पुढे केली. "वाच. शिक्का आहे. माझ्या सासूबाई मला चारला उठवायच्या, बिनचिठ्ठीच्या. मी कायद्याने करते."

नणंदेने चिठ्ठी दोनदा वाचली. "वहिनी, खरं का गं हे?"

"ताई, खरंच," ती डोळे चोळत म्हणाली. "आणि जाऊ नका लगेच. चौघं असलो की डाव रंगतो. आईंच्या बाहीत काय आहे तेवढं बघा आधी."

चौथ्या आठवड्यात तिच्या वहीत पहिल्यांदा सलग चार तास लिहिले गेले. पाचव्यात पाव तास वाढवून मिळाला, सहाव्यात आणखी पाव. सातव्यात नवरा सोफ्यावरून परत आला. तो घोरला, तिने ते दहा मिनिटं ऐकलं, आणि पुढचं तिला सांगता आलं नाही. कचेरीतही त्याचा आवाज फुटला. मृत्यूच्या खिडकीवर इतका खणखणीत माणूस बरा दिसेना, म्हणून साहेबांनी त्याला जन्माच्या खिडकीवर बसवलं.

ती साफ बरी झाली असं नाही. एखादी रात्र अजूनही हातावर तुरी देऊन जायची. पण आता ती पलंगावर पडून वाट बघत नसे. उठून खुर्चीत बसे, सुनेच्या हक्काने सासूबाईंच्या पत्त्यांतले खुणा केलेले पत्ते शोधे, आणि पेंग आली की परत आत जाई.

तीन महिन्यांना दहा दिवस उरले तेव्हा ती डॉक्टरांपुढे उभी राहिली. वही टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी वही पाहिली, मग तिचे हात पाहिले, आणि स्पिरिटचा दिवा स्वतः पेटवून दिला.

"कुणापासून सुरुवात?"

तिने फळीवरून 'आई' उतरवली.

अठ्ठावीस दात. वरचे चौदा, खालचे चौदा. मेणात प्रत्येक दात बसवून ती साचा खिडकीकडे धरून बघायची. पुढचा एक दात तिने मुद्दाम किंचित तिरका बसवला, कारण सासूबाईंचा मूळचा तसा होता आणि नवऱ्याने तो आईच्या हसण्यात जन्मभर पाहिला होता. डॉक्टरांनी चाचणीला आधी सुळे तपासले. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. तिरक्या दाताकडे बघून त्यांनी भुवई उचलली, तिने मान हलवली, विषय संपला.

शनिवारी कवळी सासूबाईंच्या तोंडात गेली. गुलाबी, चकचकीत. त्या आरशापुढे बराच वेळ उभ्या होत्या. "उद्या सांगते," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं तसा मऊ भातच खाल्ला आणि फार कठीण काही आठवडाभर नको, हेही ऐकून घेतलं.

रविवारी सकाळचे सहा वाजले. नऊ वर्षांत सहाला तिला उठवायची वेळ कधी आली नव्हती. त्या वेळी ती केव्हाच चहाचं आधण ठेवून बसलेली असे. चिठ्ठीतली ती दुसरी ओळ आजवर नुसती शोभेची होती. आज स्वयंपाकघर रिकामं होतं. सासूबाई खोलीच्या दारात आल्या. सून कुशीवर वळून गाढ झोपली होती, गालाला उशीच्या घड्यांचे वळ. पलीकडून नवरा डोकं उचलून बघत होता, आणि त्याचं बोट जुन्या सवयीने ओठांकडे निघालं होतं.

सासूबाईंनी त्याच्याकडे एक नजर टाकली. बोट खाली गेलं.

त्यांनी हातातल्या ताटलीतली गाजराची चकती उचलली, सुनेच्या कानाशी वाकल्या, आणि चावली.

करकर सगळ्या खोलीत घुमली. एक, दोन, तीन वेळा. मग त्यांनी दुसरी चकती घेतली.

सून हलली. डोळे मिटलेलेच होते. ती थोडा वेळ ऐकत राहिली.

"डॉक्टरांनी कठीण नको म्हटलंय ना, आई?"

"पातळच चकत्या केल्यात. सहा वाजून गेले."

"उजवीकडून परत चावा बरं एकदा."

सासूबाईंनी उजवीकडून चावलं.

"खालची दाढ जरा उंच बसलीये," ती म्हणाली आणि उठून चपला शोधू लागली. "चहा झाला की घासून देते."