जिभेवर पारखलेला जबडा

सदर इसम पुरुष असून वय वर्षे सत्तावन्न. बांधा मध्यम, पोट मध्यमाच्या किंचित पुढे. हुद्दा: वस्तुसंग्रहालयाच्या अस्थिविभागातील वरिष्ठ मदतनीस. ओळखीची खूण: जीभ. मूळ रहिवासी: होय, स्वतःच्या सांगण्यानुसार सात पिढ्यांपासून. परदेशगमन: निरंक. गैरवर्तन: निरंक.

जिभेचा खुलासा करायला हवा. मातीतून निघालेला तुकडा दगड आहे की हाड, हे हा गृहस्थ चाटून सांगत असे. जुनं हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. एके काळी खोदकामावर सगळेच असं करत. पुढे हातमोजे आले, तोंडाला पट्ट्या आल्या, आणि शिकलेल्या माणसांनी आपापल्या जिभा आत घेतल्या. याने घेतली नाही. संग्रहालयात त्याला सगळे हाडवैद्य म्हणत, आणि त्याला ते आवडे.

घरी मात्र वैद्यकी चालेना. मुलीनं गोदीतल्या एका वेल्डरशी लग्न ठरवलं होतं. मुलगा सरळ, हाताला काम, पण त्याचे आजोबा दूरच्या बेटांवरून बोटीनं आलेले. हाडवैद्यानं निकाल दिला, "आमचं घराणं या मातीतलं. बोटीतून उतरलेल्यांशी आपली सोयरीक नाही."

"मग महिनाअखेरीला मी जाते," मुलगी म्हणाली. हट्टात ती बापाच्या वरताण होती. "तुम्ही बसा तुमच्या मातीत."

बायकोनं माळ्यावरची बॅग काढून पुसून ठेवली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

त्याच सुमारास नदीकाठच्या गुहेतला जबडा गाजला. आठ हजार वर्षांपूर्वीचा जबडा, त्यात एक तडकलेली दाढ. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी दाढेची पूड केली, तिच्यातली आनुवंशिक खूण वाचली आणि त्या खुर्चीतून ताडकन उठल्या. आईकडून मुलांकडे जाणारी ती खूण फक्त त्या दूरच्या बेटांवरच्या लोकांत सापडत होती. म्हणजे माणसं समुद्र ओलांडून इथवर आली होती, आणि तीही सगळे समजत होते त्याच्या कितीतरी आधी! पहिल्याच निकालावर वर्तमानपत्रांनी पानभर बोटी काढल्या.

"बघा बाबा," मुलगी म्हणाली, "आमची माणसं तुमच्या आधी येऊन बसलीत."

"आली असतील. परत गेली असतील."

"जबडा विसरून?" बायकोनं आतून विचारलं.

मग एके दुपारी बाईंनी हाडवैद्याला बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काका, बसा. फेरतपासणी केली. जुन्या हाडातली खूण तुकडे-तुकडे झालेली असते, कडा झिजलेल्या असतात. ही धडधाकट आहे. हा माणूस मेलेला वाटत नाही."

हाडवैद्याला घाम फुटला. आठ हजार वर्षं आणि मेलेला नाही!

"तुम्ही जबड्याला हात लावला होता?"

"हात? छे! मोजे घातल्याशिवाय मी कशाला हात लावीत नाही."

"मग?"

"जीभ लावली. जरा शंका होती म्हणून. त्या तडकलेल्या दाढेलाच लावली."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. समोरचं दृश्य बदललं नाही. मग त्यांनी कापसाचा बोळा त्याच्या गालाच्या आतून फिरवला.

निकाल आला तेव्हा नोकरी गेली, असं धरूनच तो आत शिरला. नोकरी राहिली. दुसरंच काहीतरी गेलं.

"दाढेत सापडलेले तुम्हीच, काका. दुसरं कुणीच नाही."

"पण मग ती बेटं?"

"ती तुमच्या आईकडची. आईच्या आईकडची. कधीतरी कुणी बाई बोटीतून इथे उतरली असणार."

"माझी आई? अहो, तळ्यातल्या होडीत बसवलं तरी तिला ओकारी यायची!"

बाई म्हणाल्या, खूण खोटं बोलत नाही. पायाखालची जमीन सरकली म्हणतात. याची तर सात पिढ्यांची सरकली. घरी पोचेपर्यंत तो दोनदा रस्ता चुकला, जन्मापासूनचा रस्ता.

मुलगी बॅग भरत होती. तो दारातच उभा राहिला.

"त्याला बोलाव."

"भांडायला?"

"विचारायला. बोलाव म्हणतो ना!"

वेल्डर आला, खुर्चीच्या कडेवर बसला. हाडवैद्यानं सगळं सांगून टाकलं, जिभेसकट. मुलगी आ वासून बघत राहिली. बायकोच्या हातातला चहा कपाऐवजी बशीतच ओतला गेला. मग तो पुढे झुकला आणि सोयरा सापडल्याच्या आशेनं विचारता झाला, "तुझी आई कुठल्या बेटावरची रे?"

"आई?" वेल्डर गोंधळला. "आई इथलीच. तुमच्या मागच्या गल्लीतली. बेटावरचे ते बाबांचे बाबा. आजी, आई, सगळ्या इथल्याच."

"आधी का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

मग बायकोनं बॅग उचलली आणि पुन्हा माळ्यावर टाकली. लग्न गोदीला सुट्टी असेल त्या दिवशी करायचं ठरलं.

ती खूण आई देते, बाप देत नाही. त्यामुळे त्या खोलीत बसलेल्या चौघांपैकी बोटीतून आलेली खूण एकट्या यजमानाच्याच अंगात होती.