हरणाचा थांबा

कंट्रोलर बसस्थानकातून रिटायर झाले, पण बसस्थानक काही त्यांच्यातून रिटायर झालं नाही. चौतीस वर्षं खिडकीत बसून त्यांनी गाड्या सोडल्या, आलेल्या गाड्या पुकारल्या आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. पण फलाटाला न लागलेली गाडी 'लागली' म्हणून एकदाही पुकारली नाही, याचा त्यांना केवढा अभिमान! असा माणूस तीन महिन्यांसाठी परदेशात मुलाकडे आला आणि दुसऱ्याच दिवशी चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत घड्याळ घेऊन बसला. कुत्र्याची घाण पिशवीत भरून नेणाऱ्या बाई सात-वीसच्या. रस्ता झाडणारं यंत्र साडेआठचं, पण ते कायम लेट.

"अहो, इथे तरी रिटायर व्हा!" बायको म्हणायची.

मुलगा गुणी, पण कामाला जुंपलेला. सकाळी आई-बाप उठायच्या आत घराबाहेर. संध्याकाळी जेवताना एका हातात घास, दुसऱ्या हातात फोन. जंगल दाखवतो, जनावरं दाखवतो म्हणून त्यांना हौसेने बोलावलं होतं खरं, पण दोन महिन्यांत एकच रविवार हाती लागला. तीन तास गाडी, चार तास पायपीट, आणि दिसल्या काय, तर लेंड्या! वाटाड्याने काडीने उकरून, डोळे मोठे करून दाखवल्या. मुलगा त्यातही दोनदा फोनसाठी मागे राहिला.

"लेंड्या काय आपल्याकडे नव्हत्या?" बायकोने परतताना विचारलं. तिचे गुडघे बोलत होते.

घर दोन मिनिटांवर आलं तेव्हा कंट्रोलरांना रस्त्याकडेला पिवळी पाटी दिसली. पाटीवर उडी मारणारं काळं हरण. जवळच झाडाखाली बाकडं.

"इथे हरण येतं," त्यांनी जाहीर केलं.

मुलगा हसला. "बाबा, ती पाटी गाडीवाल्यांसाठी असते. हरणांसाठी नाही."

"हरणांसाठी नसणारच! त्यांना वाचता येतं का? उगाच कोण सरकारी खर्चाने हरणं रंगवत बसेल?"

झालं! रोज चार ते सहा कंट्रोलर त्या बाकड्यावर. हरण सोडून सगळं दिसायचं. चाकांची पिशवी ओढत जाणारी म्हातारी, सायकलवरचा टपालवाला, अर्ध्या चड्डीतला एक धावणारा. "एवढी घाई करून हा पोचत कुठेच नाही," ते घरी येऊन सांगायचे, "फिरून पुन्हा माझ्यासमोरच!"

मुलाला तर फोनवर सांगायला विषयच मिळाला. "आमचे बाबा हरणाच्या थांब्यावर बसतात," असं म्हणून तो खो खो हसायचा. ते एकदा आईच्या कानावर पडलं आणि तिला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी तीही बाकड्यावर येऊन बसली. "मला हरणाचं काही नाही हो," ती म्हणाली. "पोरगा दोन घटका समोर बसलेला दिसावा, एवढंच. दहा दिवस उरलेत आपले."

कंट्रोलरांनी घड्याळ बघितलं. सहा वाजले. हरण नाही, हरणाचं शेपूटही नाही.

जेवताना मुलाने विचारलं, "काय आई, आलं का बाबांचं हरण?"

"आलं होतं," आई पोळी वाढत म्हणाली. "चांगलं तुझ्या फ्रिजएवढं!"

कंट्रोलरांनी पाण्याचा पेला जवळ ओढला.

"बाबा, खरंच?" मुलाने फोन खाली ठेवला.

टेबलाखाली बायकोने त्यांचा पाय दाबला. कंट्रोलर घटाघटा पाणी प्यायले. चौतीस वर्षांची पुण्याई त्या पेल्यात बुडाली.

"आलं होतं," ते म्हणाले. "चार-दहाला."

दुसऱ्या दिवशी चारला दोघं बाकड्यावर टेकतायत न टेकतायत, तोच मुलाची गाडी येऊन थांबली. पठ्ठ्याने अर्धी रजा टाकली होती! तो सरळ दोघांच्या मध्ये येऊन बसला. आता आली का पंचाईत! चोराच्या मनात चांदणं, तशी दोघांची गत. आईने घाईघाईने पिशवीतलं संत्रं काढून सोलायला घेतलं.

पण मुलगा बोलायला लागला. साहेब किती छळतो, झोप कशी लागत नाही, आईच्या हातची आमटी ऑफिसात कशी आठवते. एवढं तो अडीच महिन्यांत बोलला नव्हता. आई एकेक फोड त्याच्या हातावर ठेवत गेली. पाच वाजले. कंट्रोलरांना राहवेना.

"अरे, काल काही आलं नव्हतं," ते एका दमात म्हणाले.

"मीच म्हणाले तसं," आई पुटपुटली. "त्यांना बोलू नकोस."

"माहितीये मला. फ्रिजएवढं हरण असतं का कुठे?"

"मग कळत होतं तर आलास कशाला?" आईचा आवाज चढला.

मुलाच्या खिशात फोन थरथरला. त्याने तो न बघताच बंद केला आणि आणखी एका फोडीसाठी हात पुढे केला.

"हळू बोल ना, आई," तो म्हणाला. "बुजेल ते."