रुपराव जमादारांनी दिलेली शेवटची बातमी

रुपराव लांजेवार नागपूर पोलिसात जमादार होते, पण चोर पकडल्याची एकही गोष्ट त्यांच्याकडे सांगायला नव्हती. त्यांचं काम मेलेल्या माणसांचं. रस्त्यावर, तलावात, धर्मशाळेच्या ओट्यावर कुणी बेवारस मरून पडलं, की ठाण्यातून त्यांना हाक जायची. पंचनामा करायचा, मयत सरकारी दवाखान्यात पोचवायची, पोस्टमार्टम होईपर्यंत बाहेर बसायचं आणि मुदतीत कुणी नातलग आला नाही तर घाटावर नेऊन अग्नी द्यायचा. ही ड्यूटी दुसऱ्या कुणाला नको असे. रुपरावांनी ती कधी टाळली नाही. त्यांची बायको पंचफुलाबाई क्वार्टरच्या दाराबाहेर पाण्याची बादली भरून ठेवायची. ते बाहेरच अंग धुवायचे आणि मगच आत यायचे.

ते मूळचे रामटेकजवळच्या खेड्यातले. घरी धानाची शेती. थोरला भाऊ धोंडबा मनानं जरा अधू होता. एका रोवण्याच्या दिवसात तो बांधावरून उठून गेला आणि परत आलाच नाही. आईनं आसपासची गावं पालथी घातली, देवाला नवस केले. पुढं रुपराव पोलिसात लागले तेव्हा ठाण्याच्या मालखान्यात, बेवारस मयतींच्या वस्तूंच्या जुन्या गाठोड्यात त्यांना एक चांदीचं कडं दिसलं. कडं धोंडबाचं होतं. सोबतच्या कागदावरून कळलं, सीताबर्डीत दुकानाच्या पायरीवर तो तापानं मेला होता. कुणी ओळखीचं आलं नाही म्हणून त्याला जाळून टाकलं होतं. रुपरावांनी ते आईला सांगितलं नाही. ती शेवटपर्यंत म्हणायची, "माहा धोंडबा कुठंतरी जेवून राहिला असंल."

म्हणून असेल, मयतीजवळ बसले की रुपराव नुसते बसत नसत. कपडे बघत, हातापायावरच्या खुणा बघत, आणि सीताबर्डीच्या चहाच्या टपरीवर जाऊन मधुसूदनला सांगत. मधुसूदन एका छोट्या दैनिकाचा वार्ताहर. त्याच्या पेपरात मग चार ओळी येत: साठीचा माणूस, डाव्या पायाला व्यंग, कानात भिकबाळी, ओळख असल्यास ठाण्यात भेटावे.

आणि लोक येत. उमरेडकडची गोपिकाबाई आली. तिचा नवरा बाजाराला म्हणून आला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती त्याच्या पायांना धरून खूप रडली आणि निघताना रुपरावांना म्हणाली, "भाऊ, आता मी कपाळ तरी पुसीन. नाहीतर जिंदगीभर दाराकडे पाहत बसली असती." हे बोलणं रुपराव कधी विसरले नाहीत. चांगलं काही करतो आहोत, असं त्यांना त्या दिवशी वाटलं.

मधुसूदनलाही वाटलं. त्यानं रुपरावांवरच एक लेख लिहिला, वर वर्दीतला फोटो. पोलीस लाईनीतल्या बायांनी तो कापून पंचफुलाबाईला आणून दिला. दुसऱ्याच दिवशी ठाणेदारांनी रुपरावांना बोलावून घेतलं.

ठाणेदार महादेवराव तापट होते, पण खोटे नव्हते. त्यांनी पेपर टेबलावर पसरला.

"हे काय होय, रुपराव?"

"साहेब, त्यानं आपल्या मनानं छापलं जी."

"फोटो त्यानं मनानं काढला. वर्दी कोणाच्या अंगावर होती? आन् मयतीचं वर्णन त्याले कोण देते?"

रुपराव पेपरातल्या आपल्या फोटोकडे बघत राहिले.

"नियम तुले माहीत आहे. परवानगीशिवाय पेपरवाल्याशी बोलायचं नाही, काही लिहायचं नाही, वर्दीत मिरवायचं नाही."

"साहेब, वर्णन कागदावर वर पाठवतो ना आपण. ते फिरून पेपरात येते तवापर्यंत मयत जळून गेलेली राहते."

"ते मले समजते," महादेवराव म्हणाले. मग खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाले, "तू वाईट करून राहिला असं मी म्हणत नाही. पण वर्दीतला माणूस बोलला की लोक समजतात सरकार बोललं. उद्या तुह्या तोंडून एखादा शब्द चुकला, तं तो तुह्या घरचा राहत नाही गा. अर्ज दे परवानगीचा. मी शिफारस करतो."

रुपरावांनी अर्ज दिला. महादेवरावांनी खरोखर शिफारस केली. वरून हो आलं नाही आणि नाहीही आलं नाही. रुपराव वाट बघत राहिले आणि टपरीवर जाणं त्यांनी बंद केलं.

त्या दिवसांत एकदा काटोलकडचे एक म्हातारे मुलाला शोधत ठाण्यात आले. खुणा सगळ्या जुळल्या, पण मुलाला अग्नी देऊन झाला होता. म्हाताऱ्यांनी आरडाओरडा केला नाही. मुलाचा सदरा घडी करून पिशवीत ठेवला आणि विचारलं, "परवा आलो असतो तं दिसला असता का जी?" रुपराव म्हणाले, "हाव." घरी येऊन ते जेवले नाहीत.

हे सगळं मनात ताजं असताना, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात, नागपुरातल्या शुक्रवारी नावाच्या तलावात एका बाईची मयत सापडली. वीस-बावीस वर्षांची, हिरवं लुगडं, हातात काचेच्या बांगड्या. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला गोंदवलेलं होतं: शामला. ठाण्यात हरवल्याची तक्रार कुणाचीच नव्हती. वर्णनाचा कागद वर गेला. एक दिवस गेला, कुणी आलं नाही. संध्याकाळी रुपराव सीताबर्डीच्या टपरीवर गेले.

मधुसूदन त्यांना बघून चकित झाला. "जमादार, तुमाले तं मनाई आहे ना?"

"माहं नाव टाकू नको. पोरीचं टाक," रुपराव म्हणाले. "हिरवं लुगडं. हातावर शामला गोंदलं आहे. शुक्रवारी तलाव."

मधुसूदननं ते तसंच लिहून दिलं. पण रात्री छापताना जागा कमी पडली आणि कुणीतरी ओळ आखडली. सकाळी पेपरात आलं: शुक्रवारी तलावात शामला नावाच्या तरुणीचे प्रेत सापडले, असे पोलिसांकडून समजते.

नंदनवनला तेव्हा नवी घरं होत होती. तिथं वामनराव नावाचे गृहस्थ राहत, पोस्टातून निवृत्त झालेले, बायको वारलेली. त्यांना एकच मुलगी, तिचं नाव शामला. वामनरावांनी तिच्यासाठी स्थळ बघितलं होतं. तिला ते पसंत नव्हतं. शब्दाला शब्द वाढला आणि ती रागानं भंडाऱ्याला नोकरीला असलेल्या मामाकडे निघून गेली. मामाकडे जाते, एवढंही तिनं सांगितलं नव्हतं. वामनरावांना वाटलं, येईल राग उतरला की. रोज सकाळी ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पेपर वाचायला जात. त्या दिवशी बातमी वाचून त्यांनी पेपर खाली ठेवला. दुकानदार म्हणाला, "काय झालं, काका?" ते म्हणाले, "माही शामला," आणि बाकावरून घसरले. दवाखान्यात नेईपर्यंत संपले होते.

शामला दुपारच्या बसनं भंडाऱ्याहून आली. राग उतरला म्हणूनच आली होती. दारात माणसांची गर्दी दिसली.

शेजारचे लोक संतापून ठाण्यात गेले. महादेवरावांनी रुपरावांना विचारलं, "बातमी तू दिली?"

पेपरवाल्यांनी ओळ तोडली, हे रुपरावांना तोवर कळलं होतं. मधुसूदन धावत येऊन सांगून गेला होता, लेखी द्यायलाही तयार होता. रुपराव म्हणाले, "हाव साहेब. मी दिली."

"तू नाव सांगतलं होतं का गोंदण सांगतलं होतं?"

"बोललो तं मीच ना साहेब. मी बोललो नसतो तं छापलंच नसतं."

त्याच दिवशी ते सस्पेंड झाले. सही करताना महादेवरावांनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

मयतीची मुदत संपली. दुसऱ्या शिपायाची ड्यूटी लागली होती. रुपराव साधं धोतर आणि सदरा घालून घाटावर गेले आणि सरणापासून जरा दूर, पण सगळं होईपर्यंत उभे राहिले. तिथून अंघोळ करून ते नंदनवनला गेले. पंचफुलाबाईनं खूप अडवलं होतं. "जाऊ नका जी. मारतीन लोक तुमाले." ते म्हणाले, "मारलं तं मारू दे."

दार शामलानंच उघडलं. घरात मामी होती. बाकीची माणसं राख सावडायला गेली होती.

"कोण पाहिजे?"

"मी रुपराव. पोलिसातला." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "पेपरात जे छापलं, ते मी सांगतलेलं होतं."

ती आता ओरडेल, दार लावून घेईल, असं त्यांना वाटलं. ती म्हणाली, "माझं शेवटचं बोलणं काय होतं त्यांच्याशी, माहीत आहे तुम्हाला? मी म्हटलं होतं, तुमचं तोंड बघणार नाही."

रुपराव उंबऱ्याबाहेरच खाली बसले.

"माझं नाव काहून छापलं तुम्ही?" तिनं विचारलं. "कुठं मिळालं तुम्हाला ते?"

"त्या पोरीच्या हातावर होतं, बाई. गोंदलेलं. उजव्या हाताले, इथं आतून."

शामलानं आपल्या पोलक्याची बाही वर सरकवली. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, तशाच हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं: पुष्पलता.

"रामटेकच्या जत्रेत गोंदवलं होतं," ती म्हणाली. "तिनं माझं, मी तिचं. बाबांनी मारलं होतं मला त्याच्यासाठी." मग ती उंबरा ओलांडून बाहेर आली. "कुठं आहे ती? मला दाखवा तिला."

"सकाळीच अग्नी दिला, बाई," रुपराव म्हणाले.

पुष्पलता तिची लहानपणापासूनची मैत्रीण. सुट्टीत आजोळी रामटेकला गेली की शामला तिच्याच घरी असायची. वर्षापूर्वी पुष्पलताचं लग्न होऊन ती नागपुरातच आली होती, पण सासरचे तिला कुठं जाऊ देत नव्हते. ठाण्यात ठेवलेलं हिरवं लुगडं शामलानं ओळखलं. तिनंच ते पुष्पलताला लग्नात दिलं होतं. महादेवरावांनी सासरी माणूस पाठवला. घरच्यांनी सांगितलं, ती न सांगता निघून गेली, आम्ही शोधत होतो. पण तक्रार त्यांनी केली नव्हती.

पुष्पलताच्या आईला सांगायला शामला निघाली. मामी म्हणाली, घरात सुतक आहे, तू कुठं जाते? ती म्हणाली, "दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये तिला." रुपराव तिच्यासोबत गेले. बसमध्ये दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले होते. 

आई रंभाबाई अंगणात धान पाखडत होती. शामलाला बघून तिचा चेहरा फुलला. "अवं पोरी, एकटीच आली? तिले काहून नाही आणलं?" सूप हातातच होतं. शामला तिच्या गळ्यात पडली आणि बोलूच शकली नाही. शेवटी रुपरावांनीच सांगितलं. असं सांगण्याची त्यांना सवय होती, पण त्या दिवशी त्यांना पाणी मागून घ्यावं लागलं.

रंभाबाई रडली नाही. तिनं सूप खाली ठेवलं, पदरानं हात पुसले आणि विचारलं, "जाळलं तवा कोणी होतं का तिच्याजवळ?"

"मी होतो माय," रुपराव म्हणाले.

तेव्हा ती रडली.

सासरच्यांवर चौकशी झाली. साक्षीदार मिळाले नाहीत, काही सिद्ध झालं नाही. पुढच्या वर्षी त्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. रुपरावांची चौकशी मात्र पूर्ण झाली. परवानगीशिवाय वृत्तपत्राला माहिती दिल्याचा ठपका सिद्ध झाला. त्यांची वेतनवाढ थांबली, जमादारकीही गेली, आणि त्यांना मुख्यालयाच्या गेटवर पहाऱ्याला नेमलं. महादेवरावांनी नोकरी वाचवली, एवढंच. मयतीच्या ड्यूटीवर पाळीपाळीनं वेगवेगळे शिपाई जाऊ लागले. कुणी नाव-वर्णन बाहेर सांगायचं धाडस करेना.

मधुसूदन एकदा गेटवर भेटायला आला. "जमादार, मी तुमची बाजू लिहितो. खरं काय ते लोकांना कळू द्या."

"मी आता जमादार नाही गा," रुपराव म्हणाले. "आन् माही बाजू लिहून वामनराव येणार आहेत का? जाय तू. चहा पिऊन जाय."

शामलानं त्यांना माफ केलं की नाही, कुणाला माहीत नाही. ती शाळेत शिक्षिका झाली. दर उन्हाळ्यात रंभाबाईकडे राहायला जात असे आणि जाण्याआधी पोलीस लाईनीत येऊन पंचफुलाबाईला विचारायची, "रामटेकला चालले, काही द्यायचं आहे का?" रुपराव घरात असले तर तिला नमस्कार करून बाहेर जाऊन उभे राहायचे.

निवृत्त झाल्यावर ते फार जगले नाहीत. शेवटच्या आजारात महादेवराव त्यांना बघायला आले होते, तेही म्हातारे झालेले. म्हणाले, "रुपराव, मी तुले सांगतलं होतं गा."

"हाव साहेब. नियम बरोबर होता." रुपरावांना धाप लागली होती. तरी ते म्हणाले, "पण साहेब, रामटेकच्या त्या मायले कोणं सांगतलं असतं?"

महादेवराव खुर्चीवर बसून राहिले. पंचफुलाबाईनं चहा आणून ठेवला. तो त्यांनी घेतला नाही.