बोटीवरचं बेसन

बोटीवरचं जेवण वाईट निघावं, अशी माझी मनापासून इच्छा होती. बाकीची मंडळी पांढरी अस्वलं बघायला निघाली होती, मी ह्या इच्छेपायी निघाले होते. खोटं कशाला सांगू?

आमचा मुलगा परदेशात असतो. ह्यांना सत्तर पूर्ण झाली म्हणून त्यानं आम्हा दोघांना उत्तर ध्रुवाकडे जाणाऱ्या एका बोटीवर पाठवलं, बारा दिवसांसाठी. ती नाचगाण्याची, पोहण्याच्या तलावाची मोठी बोट नव्हे. ही लहान, शंभरेक माणसांची, बर्फातून वाट काढत जाणारी. दिवसा रबरी होड्यांतून किनाऱ्यावर उतरवायचं, पक्षी दाखवायचे, परत आणायचं, आणि मधल्या वेळात जेवू घालायचं. अकोल्याच्या जठारपेठेतून उठून मी त्या बोटीवर जाऊन बसले, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि डोक्यात एकच विचार.

तो विचार असा. आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. हे सरकारी खात्यात इंजिनिअर होते, मी शाळेत शिकवायचे. सकाळी दहाच्या आत भाकऱ्या थापून, भाजी-वरण करून, डबे भरून मी शाळा गाठली, आणि संध्याकाळी पुन्हा चुलीशी उभी राहिले. ह्या बेचाळीस वर्षांत ह्यांनी माझ्या हातच्या जेवणाला एकदाही चांगलं म्हटलं नाही. एकदाही म्हणजे एकदाही नाही. "हे वरण हाय का धुन्याचं पानी?" "भाकर कराले वेळ नव्हता का तुले?" "वांगे तेलात पोहून राहिले." घरी पाहुणे आले, पाटवडीच्या रश्श्यावर तुटून पडले, बोटं चाटत वहिनी-वहिनी करू लागले, की हे म्हणणार, "रस्सा जरा पातळच झाला, नाई?" पाहुणे हसायचे. त्यांना ती नवराबायकोची थट्टा वाटायची.

मी तेल कमी करून पाहिलं. जास्त करून पाहिलं. माझ्या नणंदेला विचारून तिच्या पद्धतीची आमटी केली, तर म्हणाले, तिची वेगळी लागते. मला काही सोन्याच्या पाटल्या नको होत्या. एक शब्द हवा होता. आज चांगलं झालं, बस. आणि तो कुठल्याही बाईला हवा असतो, तिनं कितीही नाही म्हटलं तरी.

म्हणून मी हिशोब मांडला, की बारा दिवस परक्याच्या हातचं मिळमिळीत गिळावं लागलं म्हणजे ह्यांना घर आठवेल. आठवलं की तोंडातून निघेल. गल्लीतल्या बायका बजावत होत्या, ठेचा न्या, जवसाची चटणी न्या, तिकडे सारं पांचट असते. अमरावतीहून माझ्या बहिणीनं दोन पुडे पाठवलेसुद्धा. मी ते मुद्दाम ओट्यावर ठेवून निघाले. वऱ्हाडातली बाई चटणीशिवाय प्रवासाला निघाली, हे ऐकून माझ्या आईनं कपाळावर हात मारला असता.

आणि देवानं माझं ऐकलं. जेवण वाईटच निघालं.

आमचा मुंबई, पुणे, नागपूरकडचा अठरा जणांचा गट होता. खिडकीशी एक लांब टेबल आमच्यासाठी राखलेलं. सफरीच्या रंगीत पुस्तिकेत लिहिलं होतं, रोज एक भारतीय पदार्थ मिळेल. तो मिळायचा. कोमट पिवळं पाणी आणि त्यात फ्लॉवरचे चार तुरे. बाकी उकडलेला बटाटा, उकडलेला मासा, उकडलेलं गाजर, वर पांढरं काहीतरी ओतलेलं. सूप म्हणजे तर आजाऱ्याची पेज. पुण्याच्या एक बाई रोज मॅनेजरला गाठून पुस्तिका उघडून दाखवायच्या. त्यांचे यजमान म्हणायचे, अगं, ही बोट बर्फ पाहायला आहे, जेवायला नाही. त्यावरून त्यांची आपसांत जुंपायची. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत बसलेली.

पहिल्या दिवशी ह्यांनी बटाटा कापला, तोंडात घातला आणि वाढणाऱ्या मुलीला म्हणाले, "वंडरफुल."

मला वाटलं, रीत म्हणून म्हणाले असतील. दुसऱ्या दिवशी मासा आला. "एक्सलंट." तिसऱ्या दिवशी ती पेज. पावाच्या तुकड्यानं वाटी पुसून खाल्ली आणि "माय कॉम्प्लिमेंट्स टू द शेफ" म्हणाले. टेबलावर अभिप्रायाचं कार्ड ठेवलेलं असायचं. कोणी त्याला हात लावत नसे. हे खिशातून पेन काढून रोज ते भरायचे, वळणदार अक्षरात, आणि सगळ्यात वरच्या रकान्यात बरोबरची खूण.

मी खोलीत आल्यावर विचारलं, "खरंच आवडलं का तुमाले?"

"काहून नाई आवडनार? पाह्य कसं मोजकं, शिस्तीतलं. नाईतर आपल्या घरी."

मी थांबले. आपल्या घरी काय, ते ऐकायला थांबले.

"आपल्या घरी नुसता मसाला," म्हणाले आणि कुशीवर वळले.

मला त्या उकडलेल्या बटाट्याचा इतका राग आला म्हणून सांगू. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण ताटातला बटाटाही साजरा? हसू नका. साठी उलटलेली बाई बटाट्यावर जळत होती, आणि तीही बर्फाच्या मधोमध बसून.

नवव्या दिवशी भाज्या संपल्या. माझे वडील भातकुलीला भाजीचा मळा करायचे, अमरावतीच्या बाजारात न्यायचे. पालेभाजीचं आयुष्य किती असतं ते मला कोणी शिकवायला नको. बोट एकदा बंदरातून सुटली की मध्ये बाजार कुठला? आधी कोवळा पाला गेला, मग काकडी, मग टोमॅटो. कोबीवरची पानं रोज एकेक सोललेली मला ताटात कळत होती. त्या दिवशी सकाळी बोटीचा आचारी स्वतः आमच्या टेबलाशी आला. गढवालकडचा होता, तिशीचा, चेहऱ्यानं सज्जन. हात जोडून म्हणाला, सब्जी खतम हो गई, अगला बंदर तीन दिन बाद है, माफ कीजिए. पुण्याच्या बाई पुस्तिका उघडू लागल्या.

मला त्याची दया आली. मी विचारलं, "बेसन है?"

म्हणाला, अर्धं पोतं आहे, भज्यांसाठी आणलेलं.

"तो फिर रोते काहे को? हमारे यहाँ भाजी नहीं रहती तो बेसन घोटते."

तुम्ही ज्याला पिठलं म्हणता, त्याला आम्ही वऱ्हाडात बेसनच म्हणतो. घरात भाजी नाही आणि दारात पाहुणा, अशा वेळचं ते आमचं हुकमाचं पान. प्रवाशांना भटारखान्यात जायची परवानगी नव्हती. मी उंबऱ्याशी उभी राहिले आणि तिथून सांगत गेले. तेल तापू दे. जिरं, मग लसूण, ठेचून घाल, चिरून नाही. लाल मिरची माझ्या सांगण्याच्या दुप्पट घाल, मी तुला भिऊन कमी सांगते आहे. पाणी खळखळलं की एका हातानं पीठ भुरभुरव, दुसरा हात थांबवू नकोस. तो थांबला की गाठी झाल्याच. आता झाकण ठेव आणि उगीच उघडून बघू नकोस. तो सगळं जी आंटीजी, जी आंटीजी करत ऐकत होता. हे त्या वेळी खालच्या हॉलमध्ये देवमाशांवरचं व्याख्यान ऐकत होते. त्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं.

दुपारी बेसन आलं, सोबत भात आणि कच्चा कांदा. सगळं टेबल पुस्तिका विसरून जेवू लागलं. ह्यांनी पहिला घास घेतला आणि मध्येच थांबले. चावायचे थांबले. मग हळूहळू चावू लागले. मी समोरच बसले होते, मी पाहिलं. मग पुन्हा घेतलं. मग तिसऱ्यांदा घेतलं. घरी हे दुसऱ्यांदा मागतात तेही ताट पुढे सरकवून, तोंडानं नाही.

जेवण झाल्यावर ह्यांनी आचाऱ्याला बोलावून घेतलं. उभे राहिले, त्याचा हात हातात घेतला. "महाराज, ऐसा बेसन हमने जिंदगी में नहीं खाया."

तो पोरगा लाजला. "साहब, ये तो आंटीजी का है. उन्होंने खड़े होकर बनवाया. मैंने तो सिर्फ करछी चलाई."

सगळं टेबल माझ्याकडे वळलं. पुण्याच्या बाई म्हणाल्या, "अहो, नशीबवान आहात तुम्ही." कोणी टाळ्या वाजवल्या. मी ह्यांच्याकडे बघत होते. आता तरी, असं मनात म्हणत होते. आता ह्यांना पळायला जागाच नाही.

हे हसले. रुमालानं तोंड पुसलं. म्हणाले, "सांगायला काय लागतं? हात पाहिजे. हात ह्याचा आहे."

मंडळी हसली. मीही हसले, लाज वाटते सांगायला.

खोलीत आल्यावर मी दार लावलं. बाहेर लख्ख ऊन, बर्फ चमकत होता. मी विचारलं, "खरं सांगा. माहं हाय हे तुमाले माहीत नव्हतं?"

हे बूट काढत होते. वर न बघता म्हणाले, "पयल्या घासाले समजलं. बेचाळीस वर्सं खाऊन राहिलो, समजनार नाई?"

"मंग त्याले काहून म्हटलं? मले काहून नाई?"

"त्याले म्हटल्यानं काय बिघडते? चार दिवसांचा मानूस." मग अगदी समजावल्यासारखं बोलले. "माही माय म्हने, बाईच्या सैपाकाले चांगलं म्हटलं का तिचा हात ढिला पडते. मी म्हटलं नाई, म्हनून तुहा हात टिकला. तुह्या बेसनासारखं बेसन कुठं भेटत नाई, हे मले का माहीत नाई?"

मी पलंगावर बसून राहिले. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, आणि मी स्वतःला तशीच समजत आले होते. आपल्या हाताला चव नाही, किंवा ह्यांच्या जिभेला नाही, दोन्हींपैकी एक काहीतरी धरून मी इतकी वर्षं काढली. दोन्ही खोटं निघालं. माणसाला रोज आवडत होतं. रोज आवडत होतं आणि रोज त्यानं ते गिळून वर काहीतरी खोट काढली, कारण त्याच्या आईनं सांगितलं होतं. नावडतं असतं तर मी समजून घेतलं असतं. हे कसं समजून घेऊ?

मी त्या दिवशी जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. बेचाळीस वर्षांचं होतं, शेजारच्या खोलीतही गेलं असेल. म्हटलं, मी बैल आहे का, की शाबासकी दिली तर नांगर ओढणार नाही? शाळेतल्या पोरांनाही मी रोज छान म्हणत आले, एकाचंही अक्षर त्यानं बिघडलं नाही. हे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "बरं बाई, म्हनत जाईन."

आणि म्हणतात. अकोल्याला परतल्यापासून दोन्ही वेळा, शेवटचा घास झाला की म्हणतात, "चांगलं झालं." पहिल्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. आठवड्याभरात कळलं, की ताटात काय आहे ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. औषधाची गोळी घेतात तसं ते घेतात, जेवणानंतर.

परवा बहिणीचा अमरावतीहून फोन आला आणि गवारीची भाजी खाली लागली. नुसती लागली नाही, करपून काळी झाली. मी येईपर्यंत हे ताट घेऊन बसलेही होते, स्वतःच वाढून घेतलं होतं. ताटातली सगळी भाजी संपवली. म्हणाले, "चांगली झाली."

मी कढईतली बोटावर घेऊन पाहिली. तोंडात धरवेना.

"अहो, कोळसा झाला हाय त्याचा. खोटं काहून बोलून राहिले?"

हे उठले, हात धुतले. "तुले हेच पाह्यजे होतं ना," म्हणाले, आणि टॉवेल घेऊन बातम्या लावायला गेले.